उत्तर सरांनाही माहीत नसतं तेव्हा

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा एप्रिल-मे म्हणजे ब्लॅक बुकचा हंगाम. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे काळ्या रेक्झिनच्या, सोनेरी अक्षरांच्या बांधणीसाठी गर्दी उसळते. सर्टिफिकेटच्या पानावर गाईड, एचओडी आणि प्राचार्य यांच्या सह्या गोळा होतात आणि चार जणांच्या ग्रुपने वर्षभर केलेलं, खरं तर बऱ्याचदा मार्चमध्ये केलेलं, काम साठ-सत्तर पानांत बंद होतं. संशोधनाचा सगळा सांगाडा त्या पानांत असतो: लिटरेचर सर्व्हे असतो, पद्धती असते, निष्कर्ष असतात, शेवटी फ्यूचर स्कोपही असतो. नसतो तो प्रश्न. ‘अमुक-तमुक आधारित स्मार्ट सिस्टिम’ हे शीर्षक झालं. त्यात कुणाला काय कळत नव्हतं आणि काय शोधायचं होतं, याचा पत्ता लागत नाही.

याचं खापर पोरांच्या आळसावर फोडणं सोपं आहे. पण पहिल्या वर्षी ड्रॉइंगच्या शीटखाली काच आणि काचेखाली दिवा ठेवून ‘जीटी’ मारायला शिकलेल्या, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सीनियरच्या जर्नलवरून रीडिंग्ज उतरवलेल्या मुलाला सातव्या सेमिस्टरला अचानक ‘आता संशोधन कर’ म्हटलं, तर तो दुसरं काय करणार? तीन वर्षांत त्याच्यासमोर असा एकही प्रश्न आलेला नसतो, ज्याचं उत्तर सरांनाही माहीत नाही.

कागदावर मात्र सगळं ठाकठीक आहे. भारत २०१४ च्या जूनमध्ये अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेच्या वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला. एनबीए मानांकनाच्या निमित्ताने बारा ‘प्रोग्रॅम आउटकम्स’ प्रत्येक विभागाच्या भिंतीवर लागले. त्यांतला चौथा गुंतागुंतीच्या समस्यांच्या शोधाबद्दल, म्हणजे प्रयोगांची आखणी, आकड्यांचं विश्लेषण आणि त्यावरून रास्त निष्कर्ष काढण्याबद्दल आहे. प्राध्यापक मंडळी रात्री जागून सीओ-पीओ (कोर्स आउटकम-प्रोग्रॅम आउटकम) मॅपिंगचे तक्ते भरतात आणि त्या चौकटींत एक, दोन, तीन असे आकडे टाकतात. तक्त्यात हे कौशल्य कधीच आलं आहे. ते वर्गात कसं आणायचं, यावर गेली तीस-चाळीस वर्षं जगभर जे काम झालं त्याला ‘ॲक्टिव्ह लर्निंग’, आपल्या शब्दांत सक्रिय अध्ययन, म्हणतात. नुसतं ऐकून टिपणं घेण्याऐवजी विद्यार्थी वर्गातच प्रश्न सोडवतो, शेजाऱ्याशी वाद घालतो, मोजमाप करतो, एवढाच त्याचा अर्थ.

यात दोन प्रश्न आहेत आणि ते सतत एकमेकांत मिसळले जातात. या पद्धतीने मुलं विषय जास्त चांगला शिकतात का, हा पहिला. ती संशोधन करायला शिकतात का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर आता जवळजवळ निर्विवाद आहे. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के होतं, सक्रिय वर्गांत २१.८ टक्के. त्याआधी रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये सहा हजारांवर विद्यार्थ्यांच्या चाचण्यांवरून यंत्रशास्त्राच्या मूलभूत कल्पनांबाबत असाच निष्कर्ष काढला होता. हार्वर्डचे एरिक मॅझूर तर १९९१ पासून व्याख्यान मध्येच थांबवून मुलांना एकमेकांना पटवून द्यायला लावत आले आहेत.

आपल्याकडच्या शिक्षकांनी आवर्जून वाचावा असा एक अभ्यास हार्वर्डमध्येच २०१९ मध्ये झाला. सक्रिय वर्गातली मुलं चाचणीत जास्त शिकलेली आढळली, पण ‘किती शिकलात?’ असं विचारल्यावर त्यांनी आपण कमी शिकलो असं सांगितलं. सफाईदार व्याख्यान ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं. स्वतः धडपडताना आपल्याला काय येत नाही, तेच आधी दिसतं. आपल्या कॉलेजांत सेमिस्टरअखेरच्या फीडबॅकवर शिक्षकाची पुढची नेमणूक अवलंबून असते. वर्गात प्रश्न घालून गप्प उभ्या राहणाऱ्या सरांबद्दल ‘सर शिकवतच नाहीत, आमच्याकडूनच करून घेतात’ असा शेरा आला की ते सर पुढच्या सेमला गुमान पीपीटीवर परततात. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या शिक्षकाकडून याहून वेगळ्या शौर्याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इतकं भक्कम नाही. पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाचा अनुभव देणाऱ्या कार्यक्रमांवरचे साठ अभ्यास मार्सिया लिन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तपासले. त्यांतले निम्म्याहून अधिक अभ्यास विद्यार्थ्यांनी स्वतःबद्दल सांगितलेल्या मतांवर उभे होते. ‘माझा आत्मविश्वास वाढला’ हे मुलाने सांगणं आणि त्याला खरोखर प्रयोग आखता येणं यांत बरंच अंतर आहे, आणि हार्वर्डचा अभ्यास पाहिल्यावर तर अशा मतांवर विसंबायला मन धजत नाही. त्यात किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांची २००६ मधली टीकाही आहे. नवख्याला मार्गदर्शनाशिवाय ‘शोधून काढ’ म्हणून सोडून दिलं तर तो भरकटतो आणि त्याची सगळी शक्ती चाचपडण्यात जाते, असा त्यांचा मुद्दा. तो रास्त आहे. आपल्याकडे सक्रिय अध्ययनाच्या नावाखाली जे गटवार सेमिनार होतात, ज्यांत एक पोरगी पीपीटी करते आणि तिघं बाजूला उभे राहतात, त्यांना तर तो तंतोतंत लागू पडतो.

मग संशोधनाची सवय लागते कुठे? माझं मत असं की ती प्रोजेक्टच्या फार आधी, प्रॅक्टिकलच्या तासाला लागते किंवा तिथेच मोडते. मार्शल हेरॉन यांनी १९७१ मध्ये प्रयोगांना एक साधी पायरी लावून दाखवली: प्रश्न दिलेला आहे का, पद्धत दिलेली आहे का, उत्तर दिलेलं आहे का? आपल्या छापील लॅब मॅन्युअलमध्ये तिन्ही दिलेली असतात. अगदी तक्त्याच्या रेघाही आखलेल्या असतात. विद्यार्थ्याच्या वाट्याला उरतात रिकाम्या जागा.

नताशा होम्स आणि कार्ल वाइमन यांनी कॅनडातल्या एका विद्यापीठात केलेलं काम इथे फार उपयोगी आहे. प्रयोग आपला अकरावीतलाच, साधा लंबक. लंबक १० अंशांवरून सोडा, मग २० अंशांवरून सोडा आणि दोन्ही आवर्तनकाळ सारखे येतात का ते पाहा. पुस्तक म्हणतं, सारखेच येणार. एक आंदोलन स्टॉपवॉचने मोजलं तर तसंच दिसतं, कारण बोट दाबण्यातच दशांश सेकंद जातो. पण मुलांना एकच नियम घालून दिला होता: दोन मोजमापं ताडून पाहा, मापन सुधारा, पुन्हा ताडून पाहा. मीटरभर लांबीच्या लंबकाची पन्नास आंदोलनं मोजली की १० अंशांना सुमारे १००.५ सेकंद लागतात आणि २० अंशांना सुमारे १०१.१. सहा दशांशांचा हा फरक बोटाच्या चुकीत बसत नाही. म्हणजे पुस्तकातलं सूत्र लहान कोनांपुरतंच खरं आहे, हे मुलाला स्वतःच्या आकड्यांतून कळतं. अशा प्रकारे शिकलेले विद्यार्थी आपणहून प्रयोगाची पद्धत सुधारू लागण्याचं प्रमाण नेहमीच्या गटाच्या बारापट होतं, असं २०१५ च्या त्यांच्या निबंधात नोंदवलं आहे. नवं यंत्र आलं नाही, नवी लॅब उभी राहिली नाही. बदलली ती फक्त सूचना.

आपल्या मेकॅनिकल-सिव्हिलच्या मुलांसाठी याचा सख्खा भाऊ म्हणजे यूटीएमवरची (युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवरची) ताण-चाचणी. १२ मिलिमीटर व्यासाची माइल्ड स्टीलची सळई, ६० मिलिमीटर गेज लांबी. साधारण २८ किलोन्यूटन भाराला सळई यील्डपाशी येते. तोवर त्या ६० मिलिमीटरमध्ये खरी वाढ होते ती फक्त ०.०७५ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीइतकी. मशीनच्या पट्टीवर त्याच वेळी मिलिमीटरभर किंवा त्याहून जास्त सरकलेलं दिसतं, कारण जबडे सळईवर घसरतात आणि मशीनची चौकटही थोडी ताणली जाते. पट्टीवरच्या या आकड्यावरून यंग्ज मॉड्युलस काढला तर तो दोन लाख मेगापास्कलच्या जवळपासही येत नाही. जर्नलमध्ये मात्र वर्षानुवर्षं सगळ्यांचा दोन लाखांच्या आसपासच येतो. रीडिंग्ज बसवलेली असतात, उलट्या बाजूने, उत्तरावरून आकड्यांकडे. सरांना ते माहीत असतं, पोरांना माहीत असतं, लॅब असिस्टंट तर त्यात मदतच करतो. खरं तर चुकलेलं उत्तर हाच त्या तासाचा सगळ्यात मोलाचा भाग होता. दहापट कमी का आलं? चूक कुठे शिरली? एक्स्टेन्सोमीटर नेमकं काय वेगळं मोजतो? यातून प्रयोगाची आखणी, चुकीचं विश्लेषण आणि शंका घेणं, असे तिन्ही धडे एका दुपारी झाले असते.

परदेशांत काही संस्थांनी सगळी रचनाच प्रश्नांभोवती उभी केली. डेन्मार्कचं आलबोर्ग विद्यापीठ १९७४ मध्ये स्थापनेपासूनच प्रकल्पांवर चालतं. तिथे सेमिस्टरचा निम्मा वेळ गटाच्या प्रकल्पाला जातो आणि पहिले काही आठवडे नुसती समस्या नेमकी मांडण्यात जातात. अमेरिकेत वुस्टर पॉलिटेक्निकने १९७० मध्ये असाच कायापालट केला, आणि एमआयटीत मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९ मध्ये पदवीच्या मुलांना प्राध्यापकांच्या संशोधनात घेण्याची योजना सुरू केली. यांची नावं आपल्या प्रत्येक कार्यशाळेत घेतली जातात. त्यांच्याकडचं शिक्षक-विद्यार्थी प्रमाण, पगार आणि परीक्षा ठरवण्याचं स्वातंत्र्य यांचा उल्लेख मात्र चहापानापर्यंत लांबतो.

त्यापेक्षा महाराष्ट्रातले दाखले जास्त बोलके आहेत. आयआयटी मुंबईत पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या मोठ्या वर्गात ‘थिंक-पेअर-शेअर’ ही पद्धत वापरली गेली: आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग सगळ्या वर्गासमोर मांडणी. साहना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दहा आठवड्यांतल्या अशा १३ कृतींचं निरीक्षण केलं. सरासरी ८३ टक्के मुलं पूर्ण किंवा बहुतांशी गुंतलेली आढळली. शेकडोंच्या वर्गात हे जमत नाही, या आपल्या आवडत्या सबबीला हे उत्तर आहे. मराठवाड्यासाठी तर यातली मधली पायरी आणखी मोलाची आहे. मंठ्याहून किंवा गेवराईहून मराठी माध्यमातून आलेला मुलगा भर वर्गात इंग्रजीत शंका विचारत नाही. शेजाऱ्याला मात्र तो मराठीत ‘अरे, पण हे असं का?’ असं बिनधास्त विचारतो.

शिक्षकांच्या बाजूने २००७ मध्ये सुरू झालेल्या आययूसीईई या संस्थेचं काम आहे. तिच्या कार्यशाळांतून आणि प्रमाणपत्र अभ्यासक्रमांतून अनेक कॉलेजांतले शिक्षक स्वतःच्याच वर्गाकडे संशोधनाचा विषय म्हणून पाहू लागले. अभियांत्रिकी शिक्षणातल्या बदलांना वाहिलेलं एक नियतकालिक सांगली जिल्ह्यातल्या राजारामबापू इन्स्टिट्यूटमधून निघतं, ही गोष्ट पुण्या-मुंबईत पुरेशी ठाऊक नाही. त्यातले सगळेच निबंध कसदार असतात असं नाही. बरेचसे ‘आम्ही ही पद्धत वापरली, मुलांना आवडली’ इथेच थांबतात. पण शिक्षकाने आपल्या वर्गाचे आकडे उघडपणे मांडण्याची सवय लागणं हीही कमाईच आहे.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग आयआयटी मुंबईच्या सीतारा केंद्राचा आहे. १९८५ मध्ये ग्रामीण तंत्रज्ञानासाठी सुरू झालेल्या या केंद्रात मिलिंद सोहोनी आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना गावात नेऊन काम करायला लावणारा अभ्यासक्रम चालवला. नळयोजना का बंद पडली, टँकर नेमका कुठे जातो, एसटीची फेरी कुणाच्या सोयीची आहे, असे त्यांचे विषय. पुढे २०१६ मध्ये राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाने ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ काढलं, ज्यात जिल्ह्याच्या कॉलेजांनी जिल्ह्याचेच प्रश्न अभ्यासावेत अशी कल्पना होती. सोहोनी यांचा आग्रह साधा होता: समस्या आधी जमिनीवर मोजा, उपाय नंतर. आपल्या मुलांना उपाय आधी सुचतो, त्यात सेन्सर आणि ॲप असतं, आणि मग त्या उपायाला शोभेल अशी समस्या शोधली जाते. अशा क्षेत्रकामात ही उलटी गंगा सुलटी होते. अभियान सगळीकडे सारखं रुजलं नाही. प्राध्यापकाच्या पदोन्नतीत गावातल्या अहवालाला पेपरइतकी किंमत नसेल तर ते रुजणारही कसं?

हे इथे कसं जमेल ते पाहायला आता छत्रपती संभाजीनगरातल्या मुकुंदवाडीकडे येऊ. जालना रोडला लागून, एका बाजूला चिकलठाणा एमआयडीसी आणि विमानतळ, दुसऱ्या बाजूला सिडको. कामगारांच्या खोल्या आहेत आणि विद्यार्थ्यांच्याही. १९६० चं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय उस्मानपुऱ्याच्या बाजूला, १९८२ चं जेएनईसी सिडको एन-६ मध्ये, आणि शहराच्या चारही टोकांना खासगी कॉलेजं. त्यांतली बरीचशी २०१७-१८ पासून लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या छत्राखाली गेली. चिकलठाण्यातच इंडो-जर्मन टूल रूम आहे, जिथे प्रशिक्षणार्थी कारखान्यांसाठीच्या खऱ्या साच्यांवर आणि डायांवर काम करत शिकतात. तिथे मायक्रोमीटरचं रीडिंग ‘बसवून’ चालत नाही, जॉब फिट होत नाही. पदवीच्या कॉलेजांना शिकण्यासारखं शहरातच बरंच आहे, आणि सध्या त्यांचा त्याच्याशी संबंध येतो तो इंडस्ट्रियल व्हिजिटच्या ग्रुप फोटोपुरता.

याच मुकुंदवाडीची बातमी २०१९ साली रॉयटर्समुळे जगभर गेली. इथली लहान मुलं कॅन घेऊन रेल्वेने शहराच्या मुख्य स्टेशनवर जायची, पाणी भरायची आणि परत यायची. येऊन-जाऊन सुमारे १४ किलोमीटर. पैठणचं जायकवाडी पन्नासेक किलोमीटरवर, तिथलं पाणी शहरात येतं, पण नळ कित्येक दिवसांआड. त्यामुळे घराघरांत ड्रम, टाक्या, हंडे. सिव्हिलच्या पर्यावरण अभियांत्रिकीच्या पुस्तकात उरलेल्या क्लोरीनवर आख्खं प्रकरण असतं, प्रमाण लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम. आणि परीक्षेला त्यावर प्रश्न येतो तो ‘टिपा लिहा’ असा.

त्याऐवजी तिसऱ्या वर्षाच्या वीस जणांच्या बॅचला एवढंच विचारलं तर? नळाचं पाणी ड्रममध्ये भरल्यावर त्यातला क्लोरीन किती तास टिकतो? इथून खरा अभ्यास सुरू होतो. चाचणीचं किट स्वस्त आहे, पण त्यात रंग डोळ्यांनी जुळवायचा असतो. म्हणून दोघांनी एकमेकांना न सांगता रीडिंग घ्यायचं आणि मग ताडून पाहायचं. झाकण असलेला आणि नसलेला ड्रम, प्लॅस्टिकचा ड्रम आणि सिमेंटची टाकी, उन्हातली आणि सावलीतली, हे वेगळे धरायचे. पाणी रात्री दोनला आलं तर पहिला नमुना कोण घेणार? घरातल्या काकूंना हे सगळं कशासाठी ते नीट सांगायचं, त्यांची परवानगी घ्यायची आणि निकाल त्यांना परत जाऊन सांगायचा, कारण ते पाणी त्या पिणार आहेत. आणि समजा नळाच्या तोंडाशीच पहिलं रीडिंग शून्य आलं, तर मूळ प्रश्न मोडला. आता नवा प्रश्न: क्लोरीन वाटेत कुठे गेला? उत्तर सरांना माहीत नाही आणि गाईडबुकातही नाही. अशा वेळी सरांचं काम कमी होत नाही, वाढतं. किर्शनर म्हणतात ते मार्गदर्शन इथे लागतं: नमुना किती घरांचा, सरासरी कशाची, कोणता दावा करता येतो आणि कोणता नाही.

  

अडचणी खऱ्या आहेत. सेमिस्टर सोळा आठवड्यांचं म्हणतात, त्यातले हाती येतात बारा. क्षेत्रकामाला टर्मवर्कचे पाच-दहा गुण आणि लेखी परीक्षेला साठ, हे गणित मुलांना बरोबर कळतं. संशोधनाच्या नावाखाली पेपर छापायची घाई झाली आणि पैसे घेऊन आठ दिवसांत काहीही छापणारी जर्नलं फोफावली. त्यांना आवर घालायला केलेली यूजीसीची केअर यादीही २०२५ मध्ये मागे घेतली गेली. आता तर ब्लॅक बुकचा लिटरेचर सर्व्हे चॅटजीपीटी दहा मिनिटांत लिहून देतो. मला त्याची फारशी खंत वाटत नाही. जो मजकूर आधीही कुणी वाचत नव्हतं, तो आता कुणी लिहीतही नाही, एवढाच बदल झाला. ड्रममधल्या पाण्याचं रीडिंग मात्र चॅटजीपीटीला घेता येत नाही.

राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाची रचना लागू झाली, त्यात शेवटच्या टप्प्यावर संशोधनाचा पर्यायही आला. ती पहिली तुकडी २०२८ मध्ये बाहेर पडेल. तिचं सातवं सेमिस्टर २०२७ च्या मध्यावर सुरू होईल, म्हणजे तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची प्रॅक्टिकल्स हाच मधला सगळा अवकाश. प्रोजेक्टच्या ओरलला बाह्य परीक्षकाच्या हाती जो गुणपत्रकाचा कागद असतो, त्यावर साधारणपणे सादरीकरण, अहवाल, डेमो आणि प्रश्नोत्तरं असे रकाने असतात. ‘सुरुवातीचा प्रश्न कोणता होता, तो कोणत्या मोजमापानंतर बदलला आणि कच्च्या नोंदींची वही कुठे आहे’ हा रकाना त्यात नसतो. तो घालायला अनुदान लागत नाही, नवी लॅब लागत नाही. अभ्यास मंडळाच्या एका बैठकीत तो ठराव होऊ शकतो.